आणि इतर चौदा

मागच्या मोहाच्या सीझनमध्ये मी माझ्या मावशीवर एक पोस्ट लिहिली. तेव्हा मी पुण्याचं ऑफिस सोडून दोन महिने मोहर्लीला, घरून काम करत होतो. पहाटे ताडोबाच्या गेटसमोर जिप्सींची रांग लागते. पर्यटक गळ्यात कॅमेरे अडकवून बसलेले असतात. त्याच वेळी आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात. काही लोक वाघ दिसावा म्हणून पैसे भरून जंगलात जातात, आणि काही जणी तो दिसू नये म्हणून देवाचं नाव घेत जातात.

पंधरा वर्षांपूर्वी मावशी आणि तिची जाऊ अशाच पहाटे गेल्या होत्या. दोघी एकाच झाडाखाली, आठ-दहा हातांच्या अंतरावर, वाकून मोह वेचत होत्या. वाघ जावेवर आला. मावशीने टोपली फेकली, बोंब ठोकली आणि काठी घेऊन धावली. वाघ सोडून गेला. जाऊ वाचली नाही.

मी लिहिलं, ‘वाघाला भिडलेली मावशी’. दोन दिवसांत पोस्ट कुठल्या कुठे गेली. ‘सलाम या माउलीला’, ‘खरी वाघीण’, ‘आणि आपण डेडलाइनला घाबरतो’ अशा कॉमेंट्स आल्या. टीममधल्या एकाने मीटिंगच्या सुरुवातीला ती सगळ्यांना वाचून दाखवली. मी हुरळून गेलो.

मावशीकडे स्मार्टफोन नाही. तिच्या नातीने तिला पोस्ट वाचून दाखवली होती. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तिने चहा दिला, स्वतः चुलीजवळ बसली आणि विचारलं, “बाबू, तिचं नाव काहून नाई लिवलं?”

मी पोस्ट उघडून बघितली. जावेबद्दल त्यात दोनच शब्द होते: ‘सोबतची महिला’. मी प्रायव्हसी वगैरे काहीतरी बोललो. खरं म्हणजे ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या गोष्टीत जावेचं काम एवढंच होतं, की तिने मरावं आणि मावशी शूर ठरावी.

मावशी चिडली नव्हती. ती म्हणाली, “मी काई केलं म्हून नाई वाचली. मी झाडाच्या इकडल्या अंगाले होती. ती तिकडल्या. वाघ इकडून आला असता त तिनं काठी उचलली असती, अन् मंग तू तिच्यावर लिवलं असतं.”

माझी पंचाईत अशी, की पुढची पोस्ट डोक्यात तयार होती. त्याच साच्यातली. फक्त बाई वेगळी होती.

तिचं नाव हिल्डे होल्गर. १९०५ साली व्हिएन्नात एका ज्यू घरात जन्मलेली नर्तिका. गर्ट्रूड बोडेनविझर या नामांकित नृत्यशिक्षिकेकडे शिकली, विशी ओलांडते न ओलांडते तोच १९२६ मध्ये तिने स्वतःची शाळा काढली. तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे नव्या नाचाचं, नव्या संगीताचं, नव्या गणिताचंही शहर. १२ मार्च १९३८ ला जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि काही दिवसांत हे सगळं उलटंपालटं झालं. ज्यू माणसांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावण्यात आलं, बघे हसत उभे राहिले. ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. हिल्डेची शाळाही बंद झाली. १९३९ मध्ये एका मित्राच्या मदतीने ती निसटली आणि मुंबईला आली.

मुंबईत तिने पुन्हा सुरुवात केली. १९४० मध्ये आदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी लग्न केलं. १९४१ मध्ये तिने मुंबईत नाचाची शाळा काढली, आणि तिथे जात, धर्म, देश न बघता मुलांना घेतलं. भारतीय नाचातल्या हस्तमुद्रा तिने आपल्या नाचात आणल्या. १९४८ मध्ये, फाळणीनंतरच्या अस्वस्थ काळात, ती लंडनला गेली. तिथे तिला झालेला मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला. पुढे तिने गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना नाच शिकवला, आणि १९६८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्ससारख्या मोठ्या थिएटरात त्यांना व्यावसायिक नर्तकांबरोबर रंगमंचावर आणलं. शेवटपर्यंत ती शिकवत राहिली. २००१ मध्ये, ९६व्या वाढदिवसाच्या काही आठवडे आधी, ती वारली.

बघा ना, पोस्टच आहे. ‘सगळं गमावलं, तरी नाचत राहिली.’ शीर्षक मी नोट्समध्ये लिहूनही ठेवलं होतं.

मावशीच्या चुलीजवळून परत आल्यावर मी हिल्डेचा परिचय पुन्हा वाचला. तिच्या परिचयांमध्ये एक ओळ येते, साधारण अशी: तिची आई, सावत्र वडील, बहीण आणि इतर चौदा नातेवाईक हत्याकांडात मारले गेले. मग पुढच्या ओळीत पुन्हा नाच. पहिल्यांदा वाचताना ही ओळ माझ्यासाठी पार्श्वभूमी होती. आता माझी नजर ‘इतर चौदा’वर अडकली. माझ्या ‘सोबतची महिला’ची ती मोठी बहीणच होती. चौदा माणसं म्हणजे आमच्याकडे दिवाळीला पंगतीला बसतात तेवढी. त्यांच्यात कुणी गोष्टीवेल्हाळ असेल, कुणी कंजूष असेल, एखादीला हिल्डेपेक्षा चांगलं नाचता येत असेल. त्यांच्याबद्दल आपण कधी ‘हिंमत हरले’ असं म्हणत नाही. पण हिल्डे ‘हिंमतीने वाचली’ असं म्हणतो, तेव्हा न बोलता तेच म्हणत असतो.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. डेटाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एका विमानाचं चित्र दाखवतात. पंखांवर आणि शेपटीवर लाल ठिपके, इंजिनांच्या जागी एकही नाही. दुसऱ्या महायुद्धात मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे पडलीत ते मोजलं गेलं. साध्या बुद्धीने वाटतं, जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करा. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाचं म्हणणं उलटं होतं. तुम्ही फक्त परत आलेली विमानं बघताय, ज्यांना इंजिनात गोळी लागली ती परत आलीच नाहीत, म्हणून पत्रा तिथे लावा जिथे भोकं दिसत नाहीत. सांगताना ही गोष्ट थोडी रंगवली जाते, पण गाभा खरा आहे. १९४३ मध्ये वाल्डने त्यावर सविस्तर गणित मांडलं होतं. या चुकीला आम्ही सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो. मराठीत सरळ सांगायचं तर, परत आलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल बोलण्याची चूक.

हे चित्र मी स्वतः नव्या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये दाखवलंय. वाल्ड कोण होता हे मात्र कधी शोधलं नव्हतं. तो ज्यू होता. क्लुजमध्ये जन्मला, व्हिएन्नात शिकला, १९३१ मध्ये तिथेच डॉक्टरेट मिळवली. म्हणजे हिल्डे त्या शहरात नाच शिकवत होती तेव्हा तोही तिथेच गणित करत होता. १९३८ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. त्याचे आईवडील आणि बहिणी मागे राहिले आणि मारले गेले, एक भाऊ तेवढा वाचला. १९५० च्या डिसेंबरमध्ये वाल्ड भारतात व्याख्यानांसाठी आला असताना त्याचं विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळलं. तो आणि त्याची बायको दोघंही गेले.

न परतलेल्या विमानांचा विचार करायला शिकवणारा माणूस असा होता, हे कळल्यावर ते चित्र मला पुन्हा तसंच दाखवता येईना. आणि माझी मावशीवरची पोस्ट म्हणजे नेमकं तेच चुकीचं गणित होतं. परत आलेल्या विमानावरचे ठिपके मोजून मी लोकांना सांगत होतो, ‘बघा, हिंमत असली की माणूस परत येतो.’

मग माणूस परत येतो कशाने? हिल्डेच्या काळापुरतं याचं उत्तर बऱ्यापैकी नोंदलेलं आहे, आणि ते ऐकायला फारसं बरं वाटत नाही. बहुतेक वेळा ते एका कागदावर असायचं.

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून निसटू पाहणाऱ्या ज्यूंचं काय करायचं हा प्रश्न होता. सहानुभूतीची भाषणं खूप झाली. जास्त माणसं घ्यायला ठळकपणे तयार झाला तो डोमिनिकन रिपब्लिकसारखा छोटा देश. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘सेंट लुईस’ नावाचं जहाज हॅम्बर्गहून ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला निघालं. जवळजवळ सगळे ज्यू. क्यूबाने मोजक्या लोकांना उतरू दिलं, अमेरिका आणि कॅनडाने दार उघडलं नाही, जहाज युरोपला परत आलं. मग चार देशांनी प्रवासी वाटून घेतले. ब्रिटनच्या वाट्याला २८८ आले. बाकीचे फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सला गेले. वर्षभरात हे तिन्ही देश जर्मनीने जिंकले. ब्रिटनला उतरलेले जवळजवळ सगळे युद्धातून वाचले. युरोपला परतलेल्यांपैकी २५४ मारले गेले.

एकच जहाज, तेच प्रवासी, तीच हिंमत. फरक कुठल्या बंदरावर उतरलात याचा. झाडाच्या इकडल्या अंगाला की तिकडल्या.

आता आपल्या दाराबद्दल. भारतात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि यायला व्हिसा लागायचा. त्यासाठी इथे नोकरी, किंवा हा माणूस सरकारवर ओझं होणार नाही अशी कुणाची तरी हमी हवी असे. मुंबईत १९३४ मध्ये सुरू झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अशी हमी द्यायची. काँग्रेसमध्येही यावर मतभेद होते. या लोकांना आसरा द्यावा असं नेहरूंना वाटत होतं. सुभाषबाबूंनी मार्च १९३९ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रात त्यावर सडकून टीका केली. आपण दोघांचेही फोटो भिंतीवर लावतो, म्हणून हे माहीत असलेलं बरं. गंमत म्हणजे याच महाराष्ट्रात, कोकणात, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू कित्येक पिढ्या राहत होते. शनवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांना इथे कुणी छळल्याची आठवण नाही. म्हणजे ज्यू हा प्रश्न आपल्याला अनोळखी नव्हता. प्रश्न व्हिसाचा होता.

कागद मिळून आत आलेल्यांनाही तो कधी उलटा लागायचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि भारतातल्या जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना ‘शत्रू राष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडण्यात आलं. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. त्यांना अहमदनगरच्या छावणीत नाझींबरोबर ठेवलं गेलं. चौकशी होऊन अनेक जण सुटले, तरी पुढे काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याला नजरकैदेसारखं राहावं लागलं. आपण पुरंदरला ट्रेकला जातो तेव्हा आपल्याला मुरारबाजी आठवतो, आठवायलाच हवा. पण त्याच किल्ल्यावर काही बायका हातात चुकीचा पासपोर्ट आहे म्हणून दिवस मोजत होत्या.

इथपर्यंत आल्यावर माझ्या एका मैत्रिणीने मला अडवलं. तिचं म्हणणं असं: “मग हिंमत, जिद्द याला काही अर्थच नाही का? सगळं नशीब आणि व्हिसा? अशा गोष्टी वाचून मला कठीण दिवसांत बळ मिळतं. ते का काढून घेतोस?”

हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण मलाही अशा गोष्टींनी बळ मिळालंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी तीन विषयांत नापास झालो होतो तेव्हा असल्याच गोष्टी वाचून सावरलो. बराच विचार केल्यावर मला वाटतं, आपण दोन प्रश्नांची सरमिसळ करतो. पहिला प्रश्न: ती का वाचली? दुसरा: वाचल्यावर ती कशी जगली? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात हिल्डेची जिद्द आहे, तिचं कसब आहे, तिचा मोठेपणा आहे. मावशीची काठी आहे. मैत्रिणीला जे बळ मिळतं ते इथून मिळतं, आणि ते खरं आहे. पण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जिद्दीचा वाटा फार थोडा आहे. प्रयत्न तर बहुतेकांनी केले होते. रांगा लावल्या, पत्रं लिहिली, दागिने विकले. ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू मारले गेले. इतक्या माणसांत जिद्दीचा दुष्काळ होता असं कोण म्हणेल?

दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला चिकटवलं, की माझ्या मते तिघांवर अन्याय होतो.

पहिला अन्याय मेलेल्यांवर. हिंमत असणारे वाचतात असं म्हटलं, की न वाचलेल्यांत काहीतरी कमी होतं असा अर्थ आपोआप निघतो.

दुसरा वाचलेल्यांवर. ऑशविट्झमधून परतलेला इटालियन लेखक प्रीमो लेव्ही याने १९८६ मधल्या आपल्या पुस्तकात यावर लिहिलंय. वाचलेले लोक सर्वांत चांगले होते म्हणून वाचले असं समजू नका, खरं तर उलटच घडलं, असं त्याचं सांगणं आहे. कुणाच्या तरी जागी आपण जगतोय ही शरम त्याला आयुष्यभर पुरली. बाहेरून आपण टाळ्या वाजवतो, आणि आत ती व्यक्ती विचारत असते, की माझ्यात असं काय होतं? काही नव्हतं, हे तिला माहीत असतं. मग टाळ्या कर्जासारख्या वाटायला लागतात. वाचलीस ना, मग आता काहीतरी करून दाखव. समजा हिल्डे मुंबईला आली असती आणि तिने नाच सोडून दिला असता, एखाद्या खोलीत पडदे ओढून चाळीस वर्षं काढली असती, तर तिचं वाचणं वाया गेलं असतं का? मला हा प्रश्न विचारतानाच लाज वाटते, पण आपल्या प्रेरणादायी गोष्टींचं गुपचूप उत्तर ‘हो’ असं असतं. माझं उत्तर ‘नाही’ आहे. जगण्याचा हक्क तिला नाचून कमवावा लागत नव्हता. अपंग मुलांना तिने शिकवलं ते फेड म्हणून शिकवलं असं मी मानत नाही. तिला नाच येत होता, तिच्या घरात असं एक मूल होतं, आणि तिला वाटलं म्हणून तिने शिकवलं.

तिसरा अन्याय थोडा वेगळा आहे. तो उद्याच्या लोकांवर होतो. वाचणं हे वाचणाऱ्याच्या हिंमतीवर असतं असं ठरलं, की दारावर बसलेले मोकळे सुटतात. एव्हियांतले प्रतिनिधी, शिक्का न मारणारा अधिकारी, हसत उभे राहिलेले बघे, सगळेच. त्यांच्याबद्दल कुणी पोस्ट लिहीत नाही. वाल्डचं गणित लावायचं तर पत्रा तिथे जाड करायला हवा.

हे मी मोहर्लीत बसून लिहितोय म्हणून मला दिसतं. नाझी आणि वाघ यांची तुलना मी करत नाहीये, ती करणंच चूक आहे. वाघाच्या मनात द्वेष नसतो, आणि यादी बनवून माणसं वेचून मारणारं सरकार हा वेगळाच प्रकार. पण वाचलेल्या बाईकडे बघण्याची आपली नजर दोन्हीकडे एकच आहे. ‘शूर मावशी’ म्हटलं की विषय संपतो. बायांना अंधारात जंगलात का जावं लागतं, मोहाच्या आणि तेंदूच्या पैशावर घर का चालतं, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्यामुळे थोडा फरक पडतोय. बफरमधल्या गावांत स्वयंपाकाचा गॅस आला तर सरपणाच्या फेऱ्या कमी होतात. गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठला कॅमेऱ्यांची एआय यंत्रणा बसवली, वाघ गावाजवळ आला की ती इशारा देते. यात कुणाची हिंमत मोजलेली नाही. सूर्य उगवल्यावर जा, पाच-सहा जणी मिळून जा, एवढ्या साध्या गोष्टींनी कुणीतरी झाडाच्या तिकडल्या अंगालाही वाचेल. तिच्यावर कधीच पोस्ट लिहिली जाणार नाही, आणि तेच बरं.

मग वाचलेल्यांच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत का? सांगायच्या. जेरुसलेमला याद वाशेम नावाची संस्था आहे. नावाचा अर्थच ‘स्मारक आणि नाव’. तिथे गेली कित्येक दशकं एक साधं काम चालू आहे. वाचलेले लोक आणि नातेवाईक एकेका मेलेल्या माणसासाठी एक फॉर्म भरून देतात: नाव, आईवडिलांचं नाव, गाव, धंदा. असे फॉर्म आणि इतर नोंदी मिळून मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाखांपैकी ४८ लाखांहून जास्त नावं गोळा झाली आहेत. डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम किती किचकट आहे ते कळतं. एकाच नावाची पाच स्पेलिंगं, नकाशावरून पुसली गेलेली गावं. तरीही लोक एकेक ओळ भरत राहतात. तिथे फॉर्म भरणाऱ्याच्या हिंमतीचा रकाना महत्त्वाचा नसतो. वाचलेला माणूस तिथे हिरो म्हणून येत नाही. तो येतो ओळखणारा म्हणून. ‘इतर चौदा’ला पुन्हा एकेक माणूस करणं त्यालाच जमतं.

मावशीला मी एवढं काही सांगितलं नाही. पोस्ट काढून टाकतो म्हणालो. ती म्हणाली, “काढू नको. तिचं घाल त्यात.” मी जावेच्या मुलाला फोन केला. तो आता बाहेरगावी कंपनीत आहे. तो म्हणाला, दादा, नाव नका टाकू, लोक विचारत बसतात. म्हणून इथेही नाव नाही. पण मावशीने सांगितलेलं घालायला त्याची हरकत नव्हती.

तर ती जाऊ अशी होती. पहिल्या पावसानंतर सात्या कुठल्या वारुळावर उगवणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि ती जागा ती मावशी सोडून कुणाला सांगायची नाही. जंगलाला भ्यायची नाही, पण वीज कडाडली की खाटेखाली शिरायची. लग्नात गाणी म्हणायला सर्वांत पुढे, आणि सूर कधीच लागायचा नाही. चहात साखर जास्त घालायची. त्या पहाटे मावशीला झोप अनावर होती, तर तिनेच हलवून उठवलं.

हे सगळं सांगून झाल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अन् माह्यावर तिचे चाळीस रुपये हायेत. बांगड्याईचे. द्यायचे राहूनच गेले.”

मी तेही लिहिलं.